नियम माझा होता, किट्टू

किट्टू,

परवा कँटीनच्या हॉलमध्ये तुझी शोकसभा झाली. बसायला जागा उरली नाही म्हणून माणसं खिडक्यांच्या कठड्यांवर चढून बसली. सकाळच्या पाळीची माणसं घरी गेली नाहीत आणि दुपारच्या पाळीची तासभर आधी आली. कारखान्याच्या बसगाड्या पंधरा मिनिटं थांबवून ठेवल्या होत्या. पंधरा मिनिटं! याच बसमागे चामराजपेटच्या स्टॉपवर मी किती वेळा धावलो असेन, पण ड्रायव्हरने माझ्यासाठी ब्रेकवर कधी पाय ठेवला नाही. तुझ्या फोटोला इतके हार घातले होते की नाकाच्या खालचं काही दिसत नव्हतं. मी पतसंस्थेचा कार्यवाह म्हणून पहिल्या रांगेत बसलो होतो, आणि मनात काय चाललं होतं सांगू? मी मेल्यावर यातली निम्मी तरी येतील का, हे मोजत होतो. तू गेलास याचं दुःख होतं, नाही असं नाही. पण दोन्ही एकाच वेळी होतं.

मग पेंट शॉपचा फोरमन बोलायला उभा राहिला. म्हणाला, "आपली संस्था आज उभी आहे ती दोन जामिनांच्या नियमामुळे. एका सभासदाने एका वेळी दोघांनाच जामीन राहायचं. केवढी दूरदृष्टी! ही किट्टण्णांची देणगी." लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत कुणी टाळ्या वाजवतं का? तुझ्या वाजल्या. फोरमनने माझ्याकडे बघितलं, तेव्हा मीसुद्धा मान डोलावली.

तो नियम तुझा नव्हता. माझा होता. तो मी का केला हे तुला सांगायचं मी अनेक वर्षं पुढे ढकलत आलो, आणि तू माझी वाट न बघता निघून गेलास. सभेत उठून 'नियम माझा' म्हणावं, तर 'का केलात' तेही सांगावं लागलं असतं. ते तुला सांगितल्याशिवाय चारचौघांत सांगणं बरं दिसलं नसतं. म्हणून हा कागद घेऊन बसलोय.

आधी आपलं जुनं भांडण. संस्थेची कल्पना कुणाची? तुला आठवत असेल, ओतशाळेतला मुनिस्वामी मागच्या कंपाउंडवरून उडी मारताना पडला आणि त्याचा घोटा मोडला, त्याच्या दुसऱ्या दिवसाची गोष्ट. पगाराच्या दिवशी फाटकाबाहेर सावकारांची माणसं काठ्या टेकून उभी असायची आणि ओतशाळेतली निम्मी माणसं त्यांना चुकवायला भिंत चढायची. तू त्याला सायकलवर घालून दवाखान्यात नेलंस. मी मात्र सहकारी खात्याचं एक पत्रक मिळवलं आणि सकाळी बसमध्ये तुला पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं. नोकरदारांनी आपापसांत दरमहा थोडे पैसे गोळा करायचे, अडलेल्याला त्यातून कर्ज द्यायचं, वगैरे. तू खिडकीला डोकं टेकून बसला होतास. आठवड्याने तू कँटीनमध्ये टेबलावर उभा राहून हेच सगळं कन्नडात सांगितलंस, माझ्यापेक्षा चांगलं सांगितलंस, आणि त्या दिवसापासून संस्था 'किट्टण्णांची' झाली.

"कल्पना माझी होती," मी म्हणालो.

"अरे, मी झोपलो होतो भीमू. मला कसं ऐकू येणार?" तू म्हणालास.

"मग तुला सुचलं कुठून?"

"स्वल्प आठवू दे," म्हणालास, आणि पंधरा वर्षं आठवत राहिलास. दर वार्षिक सभेनंतर मी विचारायचो आणि तू हसून हेच उत्तर द्यायचास. मी हसायचो, पण मला हसू येत नव्हतं.

आपण एका गल्लीत वाढलो, एका शाळेत बसलो. मी इंटर झालो, तू मॅट्रिकला गटांगळी खाऊन टूल रूममध्ये फिटर झालास. मी टाइम ऑफिसात पांढऱ्या शर्टात बसायचो. पगार माझा जास्त. संस्थेचे सगळे पोटनियम इंग्रजीत मी लिहिले, मी टाइप केले, निबंधकाच्या कचेरीत तीन वेळा परत आलेला अर्ज चौथ्यांदा मीच घेऊन गेलो. तू काय केलंस? तू बाकांवरून फिरून सह्या गोळा केल्यास, कुणाच्या आईची चौकशी केलीस, कुणाबरोबर अर्धी अर्धी कॉफी प्यायलास. आणि ते तुला 'अण्णा' म्हणायला लागले. मला 'सार'. या बेंगळुरात कुणालाही अण्णा म्हणतात रे, भाजीवाल्याला म्हणतात, रिक्षावाल्याला म्हणतात. मला एकानेही म्हटलं नाही. मी दारातून आत आलो की बसलेली माणसं उठून उभी राहायची, आणि तू आलास की सरकून जागा करायची. हा फरक मी घरी कुणाला कधी बोललो नाही.

उद्घाटनाचा दिवस तर तू विसरणं शक्य नाही. मी पत्रिका छापल्या, खुर्च्या मागवल्या, सहकारी खात्याच्या अधिकाऱ्याला आणायला गाडी ठरवली. रविवारी संध्याकाळी पाच वाजता पहिली वर्गणी भरायची. सगळे जमले, अधिकाऱ्याने पावतीपुस्तक उघडलं, आणि एकही माणूस पुढे येईना. मी नावं पुकारतोय, नावाचा माणूस समोर बसलाय आणि चपलेकडे बघतोय. मला दरदरून घाम फुटला. वाटलं, सावकारांनी धमकावलं असेल. शेवटी तू माझ्या कानाशी येऊन म्हणालास, "भीमू, साडेचार ते सहा राहुकाळ आहे रे."

माझी आई राहुकाळात बनशंकरीला लिंबाचे दिवे लावायला जायची, आणि मला हे सुचू नये! मी घड्याळाकडे बघून पाच लिहिलं होतं, पंचांगाकडे बघितलंच नव्हतं. तू उठलास. ओतशाळेच्या मंडळींना गाणं म्हणायला लावलंस, मग अधिकाऱ्याला त्याच्या गावाबद्दल विचारलंस, आणि तो गृहस्थ चक्क विहिरीत पडलेल्या बैलाची गोष्ट सांगत बसला. सहाला दोन मिनिटं असताना तू गोष्ट थांबवलीस. सहाच्या ठोक्याला रांग लागली ती साडेसातपर्यंत संपली नाही. परत जाताना अधिकारी तुझा हात हातात धरून बोलत होता आणि मला म्हणाला, "खुर्च्या मोजून परत पाठवा हं." मी मोजल्या. तू नसतास तर त्या दिवशी संस्था जन्मताच गेली असती हे मला तेव्हाच कळलं होतं. तुझे आभार मानायचे सोडून मी तुझ्याशी दोन दिवस बोललो नाही.

आता नियमाकडे येतो.

कर्ज हवं तर दोन सभासदांच्या जामिनावर सह्या लागायच्या. घेणाऱ्याने बुडवलं तर जामीन राहिलेल्यांच्या पगारातून कापणार. म्हणजे जामीन राहणं ही काही पान खाण्याइतकी सोपी गोष्ट नव्हती, आणि लोकांनी तिचा मान ठेवला. कुणी ठरवलं माहीत नाही, पण वर्षभरात रिवाजच पडला. कर्ज ज्या कार्यासाठी काढलं, त्या कार्यात जामीनदारांना पहिल्या पंगतीत बसवायचं आणि जाताना तांबूल आणि नारळ द्यायचा. लग्न असो, बारसं असो, नव्या घरावर कौलं चढवणं असो. सख्खा मामा मागच्या पंगतीत आणि जामीनदार पुढच्या.

आणि सगळे तुझ्याकडेच यायचे. जेवणाच्या सुट्टीत तुझ्या बाकापाशी अर्ज घेऊन माणसं उभी. तू वाचायचाही नाहीस. हात पुसायचास आणि सही करायचास. तुझ्या घरात नारळ ठेवायला जागा उरली नाही. रुक्मिणीवहिनी नारळाच्या वड्या करकरून दमल्या. दर रविवारी आमच्याकडे ताटलीभर पाठवायच्या, आणि आमची मंडळी कौतुकाने म्हणायची, "काय हो, तुम्हाला एकही नारळ कसा मिळत नाही?" मी ती वडी चावत बसायचो. तिसऱ्या वर्षाच्या दिवाळीपर्यंत कुणी माझ्याकडे सही मागायला आलं नव्हतं, किट्टू. एकही माणूस. इतक्या जणांच्या कामाची वेळ माझ्या वहीत लिहिली जायची, पण त्यातल्या कुणालाही अडचणीत मी आठवत नव्हतो.

म्हणून मी तो नियम लिहिला. संचालक मंडळापुढे तोंड भरून बोललो. म्हणालो, एकाच माणसाने शंभरांना जामीन राहणं धोक्याचं आहे, उद्या त्याला काही झालं तर सगळी कर्जं उघडी पडतील, एका वेळी दोघांपेक्षा जास्त नकोत. सगळं खरंच होतं. पण हे सुचलं कधी? तुझ्या घरी कोपऱ्यात नारळांचा ढीग बघितला, त्या रात्री. मला संस्थेची काळजी नव्हती. मला तुझी रांग मोडायची होती.

मला वाटलं होतं तू विरोध करशील. भांडलो असतो तर बरं झालं असतं, कदाचित रागात खरं बाहेर आलं असतं. तू अध्यक्षाच्या खुर्चीत बसून माझ्याकडे जरा वेळ बघितलंस आणि म्हणालास, "सरी, ठीक आहे. चांगला नियम आहे." हात वर केलास. सगळ्यांनी केले.

आणि तो चांगला निघाला, हाच माझा त्रास. आता अण्णाकडे जाता येईना म्हणून माणसं एकमेकांकडे जाऊ लागली. पॅकिंगवाला ओतशाळेत, ओतशाळेवाला दवाखान्याच्या कंपाउंडरकडे. ज्यांची कधी बोलाचाल नव्हती त्यांनी एकमेकांच्या सह्या घेतल्या, एकमेकांच्या पोरींच्या लग्नांत पुढे बसले. बुडवणारे कमी झाले, कारण आता ज्याच्या पगारातून कापलं जाणार तो शेजारच्या मशीनवर उभा असायचा. माझ्याकडेही दोघं आले. मला पहिला नारळ मिळाला तेव्हा मी तो आठवडाभर फोडू दिला नाही. तेव्हापासून माझ्या दोन जागा कधी रिकाम्या राहिल्या नाहीत. एकाचं फिटलं की मी दुसरा शोधून आणायचो, खरं सांगतो, मागे लागून आणायचो. आणि या सगळ्या चांगल्याचं श्रेय, नेहमीप्रमाणे, तुला.

मग गोदूचं लग्न ठरलं. माझी धाकटी बहीण, तुझ्या अंगाखांद्यावर खेळलेली. मला कर्ज काढावं लागलं. तू तुझ्या दारात उभा होतास, मी समोरून छत्री उघडून गेलो. ऊन होतं, तरी. टाइम ऑफिसातल्या माझ्या हाताखालच्या दोघांच्या सह्या घेतल्या. ते नाही म्हणू शकत नव्हते, आणि मला ते माहीत होतं. लग्नात ते दोघं अंग चोरून पहिल्या पंगतीत बसले आणि तू पंचा खोचून वाढत होतास. हुळीची आमटी वाढताना माझ्यापाशी वाकलास आणि हळूच म्हणालास, "भीमू, मला विचारलं नाहीस रे."

मी म्हणालो, "तुझ्या दोन्ही जागा भरलेल्या असतील असं वाटलं."

तू पुढच्या पानावर गेलास. तुझा तो चेहरा मला नंतर फार वेळा आठवला, आणि आठवला की मी तुझ्यावरच चिडायचो. इतकी माणसं तुझी, त्यात मी एक नसलो तर काय अडलं, असं.

हॉस्पिटलात तुला सांगायला आलो होतो. तो शेवटचा गुरुवार. खुर्ची ओढून बसलो, मनात वाक्य जुळवलं, आणि दारातून ओतशाळेचे चौघं शहाळी घेऊन आत आले. तू मला म्हणालास, "स्वल्प थांब हं भीमू, ह्यांना बोलू दे, ह्यांची बस आहे." मी थांबलो. ते बोलतच राहिले. मग नर्सने सगळ्यांना बाहेर काढलं, आणि मी त्यांच्याबरोबर जिना उतरलो. तेव्हासुद्धा मला वाटलं, मरायला टेकलाय तरी याला माझ्यासाठी वेळ नाही. शनिवारी तू गेलास.

आता कालची गोष्ट सांगतो.

जामीन राहिलेला सभासद वारला की कर्जदाराने महिन्याच्या आत नवा जामीन आणायचा असतो. हेही माझंच कलम. म्हणून नंजुंडय्याने, आपल्या संस्थेच्या कारकुनाने, जामिनांची वही काढून तुझं पान उघडलं. दोन ओळी. वरच्या ओळीत मुनिस्वामी. खालची कोरी. मी मागची वही मागवली, त्याच्याही मागची मागवली. प्रत्येक वेळी वरच्या ओळीत कुणीतरी, खालच्या ओळीत कुणी नाही. नियम झाल्यापासून तू दुसरी सही दिलीच नव्हतीस.

"हे काय?" मी विचारलं.

नंजुंडय्या म्हणाला, "अण्णा ती जागा कुणाला देत नव्हते, सार. मी एकदा विचारलं. म्हणाले, भीमू कधीतरी मागेल. तो आला आणि जागा भरलेली निघाली, तर पुन्हा मागणार नाही."

मला रडू आलं असं लिहायला हवं. मला संताप आला. किती माणसं त्या ओळीसाठी तुझ्या बाकापाशी येऊन परत गेली असतील! त्यांना काय सांगितलंस? आणि मला का नाही सांगितलंस? गोदूच्या लग्नात हातात हुळीचं भांडं घेऊन उभा होतास, तेव्हा जागा रिकामी होती. एक वाक्य बोलायचं होतं. यावर मी तुझ्याशी कडाकडा भांडलो असतो, किट्टू, आणि या भांडणात मी बरोबर होतो. रडू नंतर आलं, बसमध्ये, आणि शेजारच्याने मला खिडकीची जागा दिली.

पण त्याआधी मुनिस्वामी आला. जेवणाची सुट्टी होती. त्याच्यामागे ओतशाळेतले सहा-सात जण, प्रत्येकजण तुझ्या जागी सही करायला तयार. आपसांत वाद घालत होते, मी करतो, नाही मी करतो. मी पेन काढलं आणि म्हणालो, "बाजूला व्हा. ह्याला मी जामीन राहतो."

नंजुंडय्या खाकरला. "सार, तुमच्या दोन्ही जागा भरलेल्या आहेत."

"एकदा चालवून घे."

"कसं चालवू, सार? किट्टण्णांचा नियम आहे."

"किट्टण्णाचा नाही," मी म्हणालो. "माझा आहे." आणि मग थांबवेना. तुला सांगायच्या आधीच सगळं बोललो, ओतशाळेच्या सहा-सात माणसांसमोर, कारकुनासमोर. तुम्ही सगळे त्याच्याकडे जात होता, माझ्याकडे कुणी येत नव्हतं, ते मला बघवलं नाही म्हणून केला. संस्थेसाठी नाही. जळून केला.

मग मुनिस्वामी म्हणाला, "गोत्तु, सार."

माहीत आहे म्हणे.

"तुम्हाला कसं माहीत?"

"अण्णांनी सांगितलं होतं. नियम झाला त्याच आठवड्यात. म्हणाले, भीमूने माझ्यावर रागावून केलाय, पण नियम चांगला आहे, कुणी मोडू नका. आणि मला कळलंय हे त्याला कधी कळू देऊ नका, त्याला फार लागेल."

तुझ्या जागी शेवटी एका वेल्डरने सही केली. त्याने हात पँटला पुसले आणि सावकाश नाव लिहिलं, आणि मी माझं पेन बंद करून खिशात ठेवलं. त्या माणसाचा मला अजून हेवा वाटतो.

इतकी वर्षं ही एक गोष्ट मी छातीशी धरून होतो, किट्टू. वाईट होती, पण माझी होती. वाटायचं, एवढं एक तरी माझ्याकडे आहे जे तुला ठाऊक नाही. तेही तुझ्याकडे होतं, आणि ते तू माझ्यापेक्षा जपून ठेवलंस.

तुझा,
भीमू